चिखलाची बखर

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाटावर जी तसबीर मांडतात, तिच्यातल्या लक्ष्मीकडे सगळे बघतात. तिच्या पायांखालच्या कमळाकडे थोडे जण बघतात. त्या कमळाच्याही खाली काय असेल, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. मीही कधी केला नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी, दिवाळीची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी, सहावीतल्या एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, कमळ चिखलात उगवतं म्हणता, पण तो चिखल कोणता? आपल्या ओढ्यातला चालेल का?"

मास्तराला उत्तर येत नसले की तो प्रश्नच पोरकट ठरवतो. मीही तेच केले. "चिखल म्हणजे चिखल. त्यात कोणता नि कुठला काय?" असे म्हणून मी हजेरीपट मिटला. मुलगी खाली बसली, पण तिला ते पटले नव्हते हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मला तरी कुठे पटले होते? संस्कृताने कमळाला पंकज म्हटले, म्हणजे चिखलात जन्मलेले. ज्या चिखलाने फुलाला नाव दिले, त्या चिखलाला स्वतःचा काही इतिहास असेल की नाही? तेव्हापासून सवड मिळेल तसा मी तो शोधीत आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने राजवाडे सोडून डबक्यात उतरावे, याचे माझ्या मित्रांना हसू येते. येवो. राजांच्या बखरी पुष्कळ झाल्या; ही एक चिखलाची.

आमच्या शाळेच्या आवारात एक जुना दगडी हौद आहे. मोटा चालत होत्या तेव्हा त्यात गुरांसाठी पाणी असे. पुढे मोटा गेल्या, गुरेही कमी झाली आणि हौदात पाचोळा व पोरांचे हरवलेले चेंडू साचू लागले. मुलांनी तो घासूनपुसून काढला आणि त्यात कमळ लावायचे ठरवले. मी कामानिमित्त परभणीला गेलो असता रंगीत मासे विकणाऱ्या एका दुकानात चौकशी केली. दुकानदाराने एक चकचकीत पिशवी पुढे ठेवली. तिच्यात भाजलेल्या मातीचे बारीक दाणे होते, समुद्रापलीकडून आलेले. पाण्यातली झाडे यातच लावायची, असे त्याने सांगितले. आमच्या हौदाला अशा किती पिशव्या लागतील याचा मी मनाशी हिशेब केला, तेव्हा शाळेचा वर्षाचा खडूचा खर्च त्यापुढे चिल्लर वाटू लागला.

हसावे की रडावे कळेना. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण आमच्या वाट्याला आलेली आहे. कुठे जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच, असा तिचा अर्थ. बाहेरचा माणूस ती थट्टेने म्हणतो, पण आमची म्हातारी माणसे तिच्यात अभिमान मानतात. कुठेच ज्याचे बस्तान बसले नाही त्याला इथली काळी माती पोटाशी धरते, असे ती सांगतात. अशा जिल्ह्यातल्या माणसाने माती विकत घ्यायची?

पिशवी न घेता मी परत आलो आणि स्वतःची अक्कल चालवली. परसातली भुसभुशीत माती हौदात टाकली, गोठ्यातल्या ताज्या शेणाच्या चार पाट्या वर ओतल्या, आणि पाणी सोडले. कमळाचा एक गड्डा मिळवून त्यात खोचला. डास होऊ नयेत म्हणून आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले. चौथ्या दिवशी पाणी चहासारखे झाले. आठव्या दिवशी त्यावर तवंग आला आणि मासे पृष्ठभागाशी येऊन आ वासू लागले. दहाव्या दिवशी सकाळी ते पोटे वर करून तरंगत होते. मुले हौदाभोवती उभी होती. ती मला काही बोलली नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

दोष शेणाचा नव्हता, उतावळेपणाचा होता. ताजे शेण पाण्यात कुजू लागले की ते कुजवणारे सूक्ष्म जंतू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. माशांना उरत नाही. हे मला नंतर पुस्तकांतून कळले. पण पुस्तकांच्या आधी ते मला कुंभारवाड्यात कळले. तिथे एक म्हातारी आहे. सारा गाव तिला आजी म्हणतो. हौदाची कथा तिच्या कानावर गेलीच होती. मी दिसताच ती म्हणाली, "मास्तर, कोरडं पीठ पाण्यात टाकून भाकर होती का? पीठ मळावं लागतं. चिखलाचं बी तसंच हाय. काळी माती भिजवायची, मळायची, मग खाली बसवायची. आन् खत वर नाही टाकायचं. पोटात घालायचं, पुरणावानी. वरून वाळूचं झाकण." तिच्या माहेरी फुटक्या रांजणाच्या बुडात कमळ लावलेले तिने लहानपणी पाहिले होते.

या चार वाक्यांत काय काय साठवलेले आहे, ते समजून घेण्यात माझी पुढची दोन वर्षे गेली.

*

आरंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करू. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठचा हा मुलूख. कल्याणीच्या चालुक्यांचे आणि पुढे देवगिरीच्या यादवांचे राज्य इथे नांदले. त्या काळच्या दगडी बारवा आजही आमच्याकडे आहेत. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला जुन्या देवळांच्या सोबतीला बारव आहे, परभणीजवळच्या पिंगळीला आहे, आणि सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव तर तिच्या वळणे घेत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांसाठी आता दूरदूरचे लोक बघायला येतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत त्यात सगळे आहे, आणि माशांच्या जाती कोणत्या व त्यांना काय खाऊ घालावे हेही आहे. राजाला माशांच्या खाण्याची चौकशी करावीशी वाटली, ही गोष्ट मला त्याच्या लढायांपेक्षा अधिक जवळची वाटते.

बारवेच्या तळाशी दर पावसाळ्यात गाळ येऊन बसतो. हा गाळ म्हणजे शेताशेतांतून वाहत आलेली काळी माती. आता ही काळी माती म्हणजे काय? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांचा काळा कातळ झाला. तो कातळ उन्हापावसाने झिजून जी चिकणमाती झाली, ती आपली काळी, कापसाची जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून भेगा मिटतात, कारण तिचे कण अत्यंत सूक्ष्म पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते. त्या पापुद्र्यांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळे अमोनिया, पालाश, चुना अशी झाडाची अन्नद्रव्ये त्यांना चिकटून राहतात. वाळूत खत घातले तर ते पाण्याबरोबर निघून जाते. काळ्या मातीत घातले तर ती ते सावकाराच्या तिजोरीसारखे धरून ठेवते आणि मूळ मागायला आले की थोडे थोडे सोडते. फरक एवढाच की ही सावकारीण व्याज घेत नाही.

आजीच्या 'मळायची' या शब्दाचा अर्थ इथे लागतो. सुकी, भुसभुशीत माती पाण्यात टाकली की तिच्यातली हवा आणि काडीकचरा वर येतो, कण तरंगत राहतात आणि पाणी गढूळते. तीच माती भिजवून, काडीकचरा काढून कणकेसारखी मळली, की कण एकमेकांना धरून बसतात. कुंभार हेच करतो. तो माती भिजत घालतो, पायांनी तुडवतो, तिच्यातला खडा न् खडा वेचतो. माठाला लागते ती मेहनत कमळालाही लागते. आणि वरचा वाळूचा थर कशासाठी, तर माशांनी उकरू नये आणि पाणी ओतताना चिखल उठू नये यासाठी. इतक्या घट्ट चिखलात मुळांचा श्वास कोंडत नाही का, असे मी स्वतःशी विचारले होते. कमळाने त्याची सोय करून ठेवली आहे. त्याचा देठ आडवा कापून बघा. आत नळ्या दिसतील. पानांनी घेतलेली हवा त्या नळ्यांतून खाली चिखलातल्या गड्ड्यापर्यंत पोचते.

*

मग बारवेतली कमळे गेली कुठे? कोणी म्हणेल, दुष्काळाने गेली, उपसा वाढला, विहिरी खोल गेल्या. तेही खरे आहे. पण आमच्या घरात त्याचे उत्तर वेगळे होते. माझ्या आजोबांच्या पायावर, घोट्याच्या वर, एक सुरकुतलेला व्रण होता. तरुणपणी त्यांना नारू झाला होता. पायाला फोड येऊन त्यातून दोऱ्यासारखा किडा निघे, तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर ओढावा लागे, आणि मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळे. आजोबांचा एक हंगाम असाच गेला आणि त्या वर्षी शेत पडीक राहिले, असे आजी सांगे.

नारूचे मूळ पायऱ्यांच्या विहिरीत होते. रोगी पाण्यात उतरला की जखमेतून किड्याची पिले पाण्यात सुटत. ती पाण्यातल्या एका अतिसूक्ष्म प्राण्याच्या पोटात जात. आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. ज्या पायऱ्यांची कारागिरी आपण आज वाखाणतो, त्याच पायऱ्या रोग्याचा पाय पाण्यापर्यंत नेत होत्या. महाराष्ट्रही या रोगाच्या पट्ट्यात होता. १९८३-८४ पासून देशात नारू निर्मूलनाची मोहीम चालली. लोकांना फडक्याने पाणी गाळायला शिकवले, हातपंप बसवले, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा त्यांना कठडे बांधले. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. औषध नाही, लस नाही. एका फडक्याने एवढा मोठा रोग हटवला. या विजयाचे पोवाडे कोणी गायले नाहीत.

पण त्याबरोबर एक गोष्ट निसटली. पाण्यात उतरणे म्हणजे पाप, अशी भीती दोन पिढ्यांच्या मनात बसली. बारवा ओस पडल्या, त्यांत केरकचरा पडू लागला, आणि गाळात हात घालून गड्डा लावणारी माणसे त्या गाळाला विसरली. आमच्या आजीला कमळ आवडत नसे, हे मला लहानपणी विचित्र वाटे. आता वाटत नाही.

*

आता जरा दूरदेशी जाऊ. गंमत अशी की, ज्या काचेच्या पेटीतल्या माशांमुळे मातीची पिशवी महाग झाली, त्या पेटीचा जन्मच मुळी चिखलात झाला. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने सुमारे बारा गॅलनांच्या एका काचपात्राच्या तळाशी वाळू आणि चिखल पसरला, काही दगड ठेवले, एक पाणवनस्पती लावली आणि दोन सोनमासे सोडले. ही वनस्पती म्हणजे व्हॅलिस्नेरिया. हिरव्या फितीसारख्या लांब पानांची ही जात आपल्याकडच्या नद्यांतही वाढते आणि आपण तिला सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. काही दिवसांनी जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. झाडाने माशाला प्राणवायू द्यावा, माशाने झाडाला खत द्यावे, गोगलगायीने झाडलोट करावी, असा हा संसार त्याने १८५० साली विद्वानांपुढे मांडला. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हे नाव रूढ केले आणि विलायतेत घरोघरी त्याचे वेड पसरले. आपल्याकडे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ साली दारे उघडली.

वॉरिंग्टनला जे दहा ओळींत सांगता आले, ते नंतरच्या शंभर वर्षांत लोक विसरले. पेट्यांत नुसती धुतलेली वाळू नि रंगीत खडे आले आणि त्यांत झाडे उपाशी मरू लागली. मग त्या उपासमारीवर उपाय म्हणून द्रवखते, गोळ्या, दाणे. जपानच्या ताकाशी अमानो या कलावंताने पाण्याखालची हिरवी रानेच्या राने उभी केली आणि त्या कलेबरोबर दाणेदार माती जगभर पोचली. तिला मी नावे ठेवणार नाही, चांगलीच असते. पण १९९९ साली अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड या बाईंनी पुस्तक लिहून दाखवून दिले की खाली साधी बागेतली माती आणि वर खडीचा थर एवढ्यावर पेटीतली झाडे झकास वाढतात. ते पुस्तक मी एका प्राध्यापक मित्राकडून समजावून घेत होतो, तेव्हा मला सारखी कुंभारवाड्यातली आजी आठवत होती. खाली माती, वर झाकण. दोघींची कधी गाठ पडायची नाही, पण पडली असती तर त्यांचे छान जमले असते.

फ्रान्समध्ये तर या चिखलापायी तंटा झाला. क्लॉद मोने हा जगप्रसिद्ध चित्रकार गिव्हर्नी गावात राही. १८९३ साली त्याने घरासमोरची जागा घेऊन ओढ्याचे पाणी वळवून तळे करायचे ठरवले, आणि गाव बिथरले. ही परदेशी झाडे आमचे पाणी विषारी करतील, धुणी कशात धुवायची, गुरांना काय पाजायचे, अशा तक्रारी झाल्या. मोने चिडला, त्याने वरच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज केले आणि अखेर परवानगी मिळवली. त्या तळ्यातल्या कुमुदांची त्याने आयुष्याच्या अखेरीपर्यंत सुमारे अडीचशे चित्रे काढली. आज त्या चित्रांपुढे लोक हात जोडून उभे राहतात. पण मला त्या गावकऱ्यांचाही राग येत नाही. पाणी पिणाऱ्याला पाण्याची भीती असतेच. ज्याच्या घरी नारूचा व्रण आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

जाता जाता एक खुलासा. कमळ आणि कुमुद यांत आपण गल्लत करतो. कमळाची मोठी पाने पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी राहतात आणि ती अखंड गोल असतात. कुमुदाची पाने पाण्यावर पसरतात आणि त्यांना देठापाशी खाच असते. दोघांचे घराणेही वेगळे. उपवासाला जे मखाने खातात तेही कमळाचे नव्हेत. ते तिसऱ्याच एका काटेरी पाणवनस्पतीचे बी.

*

कमळाचे बी मात्र आपल्या घरातच असते, आणि आपण त्याला ओळखत नाही. पूजासाहित्याच्या दुकानात कमळगट्टा म्हणून जे काळे, गुळगुळीत, बोराच्या आठळीएवढे मणी मिळतात, ज्यांची लक्ष्मीच्या जपासाठी माळ करतात, तेच हे कमळाचे बी. भाजलेले किंवा उकडलेले नसेल तर ते जिवंत असते, आणि फार काळ असते. १९५१ साली जपानमधल्या चिबा शहराजवळ ओगा इचिरो हे वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ जुन्या दलदलीच्या थरात कमळाचे बी शोधीत होते. खणायला शाळेची मुलेही होती. दिवसामागून दिवस गेले, हाती काही लागेना, आणि अखेर पहिले बी सापडले ते एका शाळकरी मुलीला. पुढे आणखी दोन सापडली. त्या तिघांतले एक रुजून वाढले, आणि १९५२ च्या जुलैत त्याला फूल आले. त्या बियांचे वय सुमारे दोन हजार वर्षांचे ठरले. म्हणजे आमच्या पैठणला सातवाहन राज्य करीत होते त्या सुमाराला ते बी चिखलात पडले असावे.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग आपल्या बारवेच्या गाळात पण असेल की!" असेलही. नसेलही. आम्ही दुकानातून एक माळ आणली.

यापुढची हकीकत थोडक्यात सांगतो. कोणाला घरी करून बघायची असेल तर उपयोगी पडेल. बियांचे कवच दगडासारखे असते. म्हणूनच ते शतके टिकते आणि म्हणूनच आपोआप रुजत नाही. मुलांनी एकेक बी खरखरीत दगडावर घासले, आतला पांढुरका भाग दिसेपर्यंत, आणि कोमट पाण्याच्या वाटीत टाकले. पाणी रोज बदलले. चार-पाच दिवसांत बिया फुगल्या, फुटल्या आणि त्यांतून हिरवे कोंब वर आले. दरम्यान, बांधाकडची, औषधफवारणी न झालेली काळी माती आणली. ती चाळली, आठवडाभर भिजत घातली, वरचा काडीकचरा काढला आणि मळली. मळण्याचे काम मुलांनी इतक्या आनंदाने केले की त्यांच्या आयांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कपड्यांची तक्रार केली. पूर्ण कुजलेले जुने शेणखत मूठमूठ घेऊन, काळ्या मातीच्या पारीत भरून लाडू वळले आणि उन्हात वाळवले. आजी येऊन बसली होती. "अस्सं. आता पुरण बाहेर येत नाही," एवढेच म्हणाली.

हौदात थेट माती टाकायची चूक पुन्हा केली नाही. बुडाशी तडा गेलेल्या रुंद तोंडाच्या दोन रांजणांची बुडे आजीने दिली. चिखल बसला की तडा आपोआप बुजतो. एक गळके घमेले एका पालकाने दिले. त्यांत वीतभर मळलेली माती, तिच्या पोटात खताचे लाडू, वर कोंब, आणि त्याभोवती धुतलेल्या वाळूचा बोटभर थर. आजीने फुटकी खापरे कुटून दिली, ती एका घमेल्यात वाळूऐवजी वापरली. भाजलेल्या मातीचे दाणेच ते. परभणीच्या दुकानातल्या पिशवीचे गरीब मावसभाऊ. त्यांत दुकानातल्या दाण्यांसारखे खत नसते, पण झाकणाचे काम ती चोख करतात. सुरुवातीला पाणी चार बोटेच ठेवले आणि पाने वाढतील तसे वाढवले. सगळे निवळल्यावर, महिन्याने, पुन्हा गप्पी मासे आणले. सोडताना माझा हात जरा थांबला. एका मुलाने ओंजळ पुढे केली आणि त्याने ते सोडले. ते जगले.

खर्च झाला तो कमळगट्ट्याच्या माळेचा. तोही शेवटी वाचला म्हणायला हरकत नाही, कारण उरलेले मणी पुजारीबुवा घेऊन गेले.

*

गेल्या वर्षी आमच्या जवळच्या एका जुन्या बारवेतला कचरा लोकांनी श्रमदानाने काढला. तळाशी स्वच्छ पाणी दिसू लागले, तेव्हा तरुण मंडळी शाळेत आली. हौदातली पाने त्यांनी पाहिली होती. "गुरुजी, बारवेत कमळं सोडू. फोटो काय येतील!" म्हणाले. पारावर बैठक बसली. एका म्हाताऱ्याने नारूची आठवण काढली. दुसरा म्हणाला, नारू कधीच गेला, आता कशाला भ्यायचे? मला मत विचारले तेव्हा मी कमळाच्या विरुद्ध बोललो, आणि पोरांचे चेहरे उतरले.

माझे म्हणणे साधे होते. कमळाचा गड्डा चिखलात धावतो. एका वर्षात एका गड्ड्याचे अनेक होतात. त्यांची पाने कुजून गाळ वाढतो, दगडांच्या सांध्यांत मुळे शिरतात, आणि ज्या बारवेचा गाळ काढायला इतके हात लागले ती पुन्हा भरते. पूर्वी दरवर्षी गाळ काढणारी माणसे होती. आज श्रमदान एकदा होते, फोटो निघतात, पुढच्या वर्षी कोण येईल याची खात्री नाही. तेव्हा बारवेत पाणी असू द्या आणि कमळ रांजणात. रांजणातले कमळ चीनमध्ये शतकानुशतके लावतात. १८०८ साली तिथल्या यांग झोंगबाओ नावाच्या गृहस्थाने कुंडीतल्या कमळांवर एक सबंध पुस्तकच लिहिले. अखेर ठरले ते असे: बारवेच्या वरच्या पायरीवर दोन रांजण ठेवायचे आणि दर उन्हाळ्यात गाळ काढणाऱ्यांनीच त्या गाळाने ते भरायचे. गाळ निघाला नाही तर रांजणही रिकामे. यंदाच्या उन्हाळ्यात गाळ निघाला. पुढचे पुढे.

आमच्या हौदात या श्रावणात पहिली कळी आली. कमळाचे फूल तीन-चार दिवस उमलते व मिटते आणि मग पाकळ्या गळतात. आमचे फूल नेमके शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर फुगले आणि रविवारी सकाळी उमलले. शाळेला कुलूप. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता आठवीत आहे. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा, त्यामुळे ती रोज एस.टी.ने तालुक्याच्या शाळेत जाते. कळीची बातमी तिला धाकट्या भावाकडून लागली होती. मी किल्ली घेऊन गेलो तेव्हा ती फाटकापाशी आधीच उभी होती.

तिने फूल पाहिले. मग बाही वर सारून हौदात कोपरापर्यंत हात घातला आणि रांजणाच्या काठाशी चाचपले. "गुरुजी, गड्डा काठाला लागलाय. फाल्गुनात वेगळा करावा लागेल." मग थोडे थांबून म्हणाली, "एक मला द्याल? आमच्या नव्या शाळेत नळाखाली एक फुटकी टाकी पडली आहे."

मी म्हटले, "देईन. पण माती?"

"माती आहे की तिथंच," ती म्हणाली. "काळीच आहे. मी बघून ठेवली आहे."